पर्दापोशी कुणाची?

आपल्या समाजात काही शब्द असे आहेत की ते उच्चारले की पुढचा वाद आपोआप थांबतो. 'पर्दापोशी' हा त्यांतलाच एक. कुणाचा ऐब नजरेस पडला तर तो चव्हाट्यावर आणू नये, झाकावा. जो दुसऱ्याचा दोष झाकतो त्याचे दोष अल्लाह झाकतो, ही शिकवण आपण लहानपणापासून मकतबात, घरात, जुम्म्याच्या बयानात ऐकत आलो आहोत. शिकवण मोलाची आहे. तिच्यामुळे कितीतरी माणसांना तौबा करून पुन्हा उभे राहता आले, कितीतरी संसार मोडता मोडता वाचले.

परंतु हाच शब्द आणखी एका ठिकाणी वापरला जातो, आणि तिथे तो वापरावा की नाही याचा विचार आपण फारसा केलेला नाही. एखाद्या घरातले मूल सांगते, अमुक माणसाने मला नको तिथे हात लावला. तो माणूस बहुधा परका नसतो. नात्यातला असतो, शेजारचा असतो, घरी येऊन शिकवणारा असतो. मग वडीलधारी माणसे दार लावून बसतात आणि ठरते, "घर की बात घर में रहे." पोरीचे लग्न व्हायचे आहे, खानदानाची इज्जत आहे, मोहल्ल्यात बोभाटा नको. त्या माणसाला चार शब्द सुनावले जातात, फार तर त्याचे येणे-जाणे कमी होते. मुलाला सांगितले जाते, "चुप, अब किसी को बोलना नहीं." आणि या सगळ्याला नाव मिळते पर्दापोशी.

हा पर्दा नेमका कुणावर पडला, हा आमचा प्रश्न आहे. ज्याने गुन्हा केला तो झाकला गेला, हे खरे. पण त्याच पडद्याखाली ते मूलही झाकले गेले. शिवाय तो माणूस आता दुसऱ्या घरात, दुसऱ्या मुलाजवळ निर्धास्तपणे जाऊन बसू शकतो. तेव्हा ही नेकी आहे की दुसरेच काही, याचा शांतपणे विचार व्हायला हवा.

मुलांवरील अत्याचार रोखण्यासाठी लोकजागृतीचे काम आपल्याकडे अगदीच झालेले नाही असे नाही. मुंबईत १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आश्रयाने 'चाइल्डलाइन' सुरू झाली आणि १०९८ हा चार आकडी क्रमांक हळूहळू देशभर पोहोचला. २०२३पासून ही सेवा सरकारने आपल्या यंत्रणेत घेतली, क्रमांक मात्र तोच आहे. २००० साली पिंकी विराणी यांचे 'बिटर चॉकलेट' हे पुस्तक आले आणि भारतीय घरांच्या चार भिंतींआड काय घडते ते पहिल्यांदाच इतक्या उघडपणे लिहिले गेले. २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून एक अहवाल प्रसिद्ध केला. त्या १३ राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही होते. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचे सांगितले. त्या मुलांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. आपल्याकडे काळजी फक्त मुलीची घेतली जाते. मुलगा वसतिगृहात राहिला, जरीच्या कारखान्यात झोपला, रात्री उशिरा घरी आला, तरी त्याला कुणी काही विचारत नाही. हा अहवाल त्या समजुतीला धक्का देणारा होता.

पुढे १३ मे २०१२ रोजी आमिर खानच्या 'सत्यमेव जयते' या दूरदर्शन मालिकेचा दुसरा भाग याच विषयावर झाला आणि ज्या घरात हा विषय कधी निघाला नव्हता तिथे सारे कुटुंब एकत्र बसून तो पाहू लागले. त्याच महिन्यात संसदेने 'पॉक्सो' कायदा मंजूर केला आणि १४ नोव्हेंबर २०१२पासून तो लागू झाला. चाइल्डलाइनचा 'कोमल' हा छोटा चित्रपट अनेक शाळांत दाखवला गेला. मुंबई पोलिसांच्या 'पोलीस दीदी' शाळाशाळांत जाऊन चांगला स्पर्श, वाईट स्पर्श समजावू लागल्या. आज पाचवी-सहावीच्या कित्येक मुलांना हे शब्द पाठ आहेत.

या उपक्रमांचा उपयोग नाही असे कुणी म्हणू नये. जगभर झालेल्या अशा शालेय कार्यक्रमांच्या २४ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली घेतला गेला. त्यात दिसले की मुलांची समज वाढते, स्वतःला कसे वाचवावे हे ती शिकतात आणि त्यामुळे त्यांच्या मनात भीती भरते असे काही आढळत नाही. मात्र अत्याचार प्रत्यक्षात कमी होतात, असे या आढाव्याला सिद्ध करता आले नाही. ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. मूल शिकले, तरी अत्याचार का थांबू नये?

आमच्या मते याचे एक मोठे कारण असे की या सगळ्या मोहिमा मुलाशी बोलतात. 'नाही म्हण, तिथून पळ, मोठ्या माणसाला सांग.' तीनही आज्ञा मुलाला. सात वर्षांच्या मुलाने तीसचाळीस वर्षांच्या माणसाला नाही म्हणायचे, त्याच्या तावडीतून सुटायचे आणि सांगण्याजोगा मोठा माणूसही त्यानेच शोधायचा. घराला आग लागू नये म्हणून घरातल्या सर्वांत धाकट्याच्या हाती बादली द्यावी, तसा हा प्रकार झाला. मुलाला शिकवणे गरजेचेच आहे. पण राखणीची जबाबदारी त्याच्या अंगावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. तुमच्यातला प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला आपल्या कळपाचा जाब विचारला जाईल, अशा आशयाची हदीस आपल्याला माहीत आहे. त्यात जाब राखणदाराला विचारला आहे, कोकराला नाही.

स्पेनमधील 'अनार' नावाच्या संस्थेने २०१३ साली रस्त्यावर एक फलक लावला होता. त्याची छपाई अशी होती की पाहणाऱ्याच्या उंचीप्रमाणे चित्र बदलावे. मोठ्या माणसाला त्यावर एका मुलाचा साधा चेहरा दिसे. मुलाच्या उंचीवरून पाहिले की त्याच चेहऱ्यावर माराचे वळ दिसत आणि मदतीचा दूरध्वनी क्रमांक दिसे. कल्पना अशी की मुलाचा हात धरून उभा असलेला मोठा माणूसच कदाचित त्याला छळणारा असेल, म्हणून क्रमांक फक्त मुलालाच दिसावा. जगभर या फलकाचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. पण त्या फलकाने आपल्या जगाबद्दल काय कबूल केले, याकडेही पाहायला हवे. शेजारी उभ्या असलेल्या मोठ्या माणसाची चोरी ठेवूनच मुलाशी बोलावे लागते, अशी पाळी आली आहे. आपल्याकडच्या पॉक्सोच्या नोंदी पाहिल्या तरी १०० पैकी ९०हून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो.

आता दुसरी अडचण. मुलाला आपण सांगतो, 'तुझे शरीर तुझे आहे.' हे वाक्य त्याने आमच्याकडून वर्षातून एकदा ऐकायचे आणि वर्षभर काय ऐकायचे? मुलाला उस्तादाकडे सोपवताना बाप अजूनही कौतुकाने म्हणतो, "हड्डी हमारी, गोश्त आपका." त्याच्या हाडांवर बापाचा हक्क, मांसावर उस्तादाचा, मग मुलाचे स्वतःचे काय उरले? शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शाळेतील मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली. तो कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू आहे. तरी मार खाल्ल्याशिवाय इल्म येत नाही ही समजूत घरातून गेलेली नाही. पाहुणे आले की मुलाच्या मनाविरुद्ध त्याला कुणाच्याही मांडीवर बसवले जाते, तो अंग चोरतो तेव्हा त्याला 'बेअदब' म्हटले जाते. ज्याचा नकार साध्या गोष्टींत कधी मानला गेला नाही, तो संकटाच्या वेळी नकार देईल ही अपेक्षा चुकीची आहे. अदब ही आपल्या तहजीबीची शान आहे. पण अदबीचा अर्थ 'मोठे करतील ते मुकाट्याने सोसणे' असा मुलाच्या मनात ठसला, तर त्या अर्थाचा फायदा नेमका कोण उचलतो हे सांगायला नको.

भाषेचेही तसेच. उर्दूत शरीराच्या त्या भागांना रूढ सभ्य शब्द आहे 'शर्मगाह', म्हणजे शरमेची जागा. मूल त्या जागेबद्दल काही सांगायला तोंड उघडते तेव्हा शब्दातच शरम भरलेली असते. अत्याचार झाला तर आपण म्हणतो, 'इज्जत लुटली गेली', मराठीतही 'अब्रू गेली'. जणू चोराने काही नेले आणि आता मूल कंगाल झाले. वास्तविक इज्जत गेली असेल तर ती गुन्हा करणाऱ्याची. पण भाषा मुलालाच दिवाळखोर ठरवते, आणि मग ते मूल गप्प बसते. पोलीस दीदींनी वर्गात येऊन तासभर समजावले तरी घरी जाऊन सांगायला मुलाजवळ शब्द नसतात. मोहिमेचे पत्रक हिंदीतून वा मराठीतून उर्दूत उतरवणे ही सोपी गोष्ट आहे. बेशरम न वाटता मुलाला वापरता येतील असे शब्द घराघरांत रुजवणे हे खरे काम आहे, आणि ते आया आणि शिक्षकांशिवाय कुणी करू शकणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्या दीनमध्ये हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद असा भेद आहे. अल्लाहच्या हक्कात कसूर झाली तर तो माफ करणारा आहे. बंद्याच्या हक्कात कसूर झाली तर आधी त्या बंद्याने माफ करायला हवे. शहीदाचे सगळे गुनाह माफ होतात पण कर्ज माफ होत नाही, या हदीसचा आशयही हाच. म्हणूनच मौतीच्या वेळी आपण 'कहा-सुना माफ' म्हणवून घेतो. आता सांगा, ज्या मुलावर जुलूम झाला त्याचा हक्क चाचा, मामा, दादा किंवा जमातीचे सदर कसे माफ करू शकतात? तो हक्क त्यांचा नाहीच. जे आपल्या मालकीचे नाही ते दान देता येत नाही. बंद दाराआड बसून वडीलधारी जी माफी देतात ती दुसऱ्याच्या मालातून केलेली खैरात आहे. आणि ज्याचा माल आहे तो सात-आठ वर्षांचा जीव बाहेर, दुसऱ्या खोलीत बसवलेला असतो.

पर्दापोशीच्या हदीसला जाणकारांनी मर्यादाही सांगितल्या आहेत. तेराव्या शतकातील इमाम नववी यांनी सहीह मुस्लिमच्या आपल्या भाष्यात स्पष्ट केले आहे की ज्याचा उपद्रव आणि फसाद जाहीर आहे त्याचे झाकणे योग्य नाही, त्याची गोष्ट अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवावी. आणि गुनाह होत असताना दिसला तर तो रोखलाच पाहिजे. मुलांच्या मागे लागणारा माणूस एकदा करून थांबत नाही, त्याला अडवले नाही तर तो पुढच्या मुलाकडे जातो. सूरह निसाच्या १४८व्या आयतीचा आशय असा आहे की वाईट गोष्टीचा उघड उच्चार अल्लाहला आवडत नाही, पण ज्याच्यावर जुलूम झाला त्याची गोष्ट वेगळी. म्हणजे जिथे सर्वांना मौन सांगितले तिथेच मजलूमाला बोलण्याची मुभा दिली. त्याच सूरहच्या १३५व्या आयतीत इन्साफासाठी उभे राहा, मग तो स्वतःच्या, आईबापांच्या वा नातेवाइकांच्या विरुद्ध का जाईना, असा हुकूम आहे. जालीम भावालाही मदत कर, म्हणजे त्याचा हात धर, ही हदीस तर मुलांनाही ठाऊक असते. जालीमाचा हात धरणे हीच त्याच्यावर केलेली मेहेरबानी. त्याला झाकणे ही त्याच्याशीही दुश्मनी आहे.

यावर आपल्याच लोकांकडून तीन आक्षेप ऐकू येतात. ते टाळून पुढे जाणे बरोबर नाही.

पहिला आक्षेप, असल्या गोष्टी शिकवल्या तर मुलांची हया जाईल. पण मकतबात तहारतचे मसाइल शिकवताना, इस्तिंजा आणि गुसल समजावताना आपण शरीराबद्दल बोलतोच. सूरह नूरच्या ५८व्या आयतीत दिवसातल्या तीन वेळी लहान मुलांनीही परवानगी घेऊनच मोठ्यांच्या खोलीत यावे असे सांगितले आहे. दहा वर्षांची झाल्यावर मुलांचे बिछाने वेगळे करा असे हदीस सांगते. म्हणजे अंगाची राखण आणि एकांताची जाणीव मुलाला लहानपणीच द्यायची आहे. एका खोलीत आठ-दहा जण झोपतात अशा वस्त्यांत बिछाने वेगळे करणे सोपे नाही, हे आम्हाला दिसते. पण कोण कुणाशेजारी झोपतो याकडे लक्ष देणे तिथेही शक्य आहे. आपल्या अंगावर आपला हक्क आहे हे ज्या मुलाला कळले, त्याची हया वाढते.

दुसरा आक्षेप, बोहतानाचा. कुणा बेकसूर माणसावर आळ आला तर? ही भीती रास्त आहे, खोटा आळ हा मोठा गुनाह आहे. परंतु खबर देणे आणि फैसला देणे यांत फरक आहे. मोहल्ल्यात कुजबुज करणे हे बोहतान होऊ शकते. जिथे चौकशी होते तिथे जाऊन सांगणे ही गवाही आहे. पॉक्सोने हा तोल सांभाळला आहे. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षा आहे, नेक नियतीने खबर देणाऱ्याला संरक्षण आहे, आणि मुलाला मात्र खोट्या माहितीसाठीही शिक्षा नाही. मुलाचे नाव, फोटो, शाळा प्रसिद्ध करायला बंदी आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा आहे. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. म्हणजे ज्या पर्दापोशीची आपल्याला फिकीर आहे ती कायद्यानेच केली आहे. ती मुलाची केली आहे, एवढाच फरक. आणि खबर न देणे हा त्याच कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेचा प्रमुख असेल तर एक वर्षापर्यंत.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे, आणि तो दबक्या आवाजात केला जातो. आपण आधीच बदनाम. त्यात मदरशाचे, मोहल्ल्याचे असे काही बाहेर गेले तर वर्तमानपत्रे सगळ्या कौमला धरतील. ही भीती खोटी नाही. एका माणसाचा गुन्हा साऱ्या समाजाच्या माथी मारला जाताना आपण पाहतो. पण झाकल्याने इज्जत राहते का, हे दुसऱ्यांच्या अनुभवावरून तपासता येते. अमेरिकेतील बोस्टन शहरात कॅथलिक चर्चने वर्षानुवर्षे तक्रारी दाबल्या, दोषी पाद्र्यांना एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये हलवले. २००२ साली 'बोस्टन ग्लोब' या वृत्तपत्राने ते बाहेर काढले, आणि त्या वर्षअखेर तिथल्या कार्डिनलना पद सोडावे लागले. चर्चची बदनामी काही पाद्र्यांच्या गुन्ह्यापेक्षा तो झाकणाऱ्या वरिष्ठांमुळे अधिक झाली. आपल्या जवळचे उदाहरण ऑगस्ट २०२४चे. बदलापूरच्या एका शाळेत अगदी लहान दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि २० ऑगस्टला लोक रेल्वेमार्गावर उतरले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा शाळेने पोलिसांना का कळवले नाही, हा प्रश्न पुढे आला. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२२मध्येच शाळांत 'सखी सावित्री' समित्या नेमायला सांगितले होते. बदलापूरनंतर अनेक ठिकाणी त्या कागदावरच असल्याचे दिसले. बोस्टन असो वा बदलापूर, धर्म निराळे, भाषा निराळ्या. संस्थेचे नाव जपण्याची घाई मात्र एकच. हा रोग आपल्या कौमचा खास नाही आणि आपण त्यातून मुक्तही नाही. मदरसा असो, शाळा असो वा यतीमखाना, जी संस्था स्वतःहून पोलिसांना कळवते, तिच्याकडे आपले मूल सोपवायला आईबापांना धीर येतो. आम्हाला वाटते, इज्जत म्हणतात ती हीच.

तेव्हा पुढची मोहीम मोठ्यांसाठी हवी. मुंबई उच्च न्यायालयाने बदलापूरच्या सुनावणीत 'सातच्या आत घरात' या मराठी चित्रपटाचे नाव घेऊन विचारले होते की ही बंधने मुलींवरच का, मुलग्यांना काही शिकवणार की नाही. तोच प्रश्न आपण थोडा पुढे न्यावा आणि वडीलधाऱ्यांना काय शिकवणार हे विचारावे. जुम्म्याच्या खुत्ब्याआधीच्या बयानात इमाम साहेबांनी जशी मुलींच्या पर्द्याची गोष्ट सांगावी, तशीच मुलांच्या अमानतीची सांगावी. बायकांच्या इज्तिमात, शाळेच्या पालकसभेत, जमातीच्या वार्षिक बैठकीत हा विषय यावा. प्रत्येक मदरशाच्या आणि उर्दू शाळेच्या दारावर १०९८ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत असावा, मोठ्यांनाही आणि मुलांनाही दिसेल असा. शिकवणारा आणि मूल बंद खोलीत एकटे असू नयेत, हा नियम प्रत्येक शिकवणीने पाळावा. त्यात भल्या उस्तादाचा अपमान नाही, उलट त्याचेही संरक्षण आहे.

आणि प्रत्येक घरात मोठ्यांनी काही वाक्ये पाठ करून ठेवावीत. मूल काही सांगू लागले की आपल्या तोंडून आधी प्रश्न निघतात. तू तिथे गेलीच कशाला, आधी का नाही सांगितलेस, तुला नक्की आठवते का? या प्रश्नांनी मुलाचे तोंड जे मिटते ते पुष्कळदा कायमचे. त्याऐवजी एवढेच म्हणावे, "बेटा, तू सांगितलेस हे फार चांगले केलेस. यात तुझा काहीही कसूर नाही. आता पुढचे आम्ही पाहू." आणि मग खरोखर पाहावे. तो माणूस नात्यातला असला तरी, कमावता असला तरी, दाढीवाला असला तरी, आपल्यावर त्याचे उपकार असले तरी. ऐब झाकणाऱ्यांत आपली गणना व्हावी अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांनी त्या मुलाचे नाव झाकावे.